दहा वर्षे मैदानात, साठ वर्षे मैदानाकाठी

१९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय हॉकी संघात बलबीरसिंग या एकाच नावाचे तीन खेळाडू होते. समालोचकांची तारांबळ उडावी आणि वृत्तपत्रांच्या बातम्यांत घोटाळा व्हावा, अशीच ही परिस्थिती. पंजाबात हे नाव इतके घरोघरीचे की या तिघांच्याही आधी ज्याने ते जगभर नेले, त्याला ओळखण्यासाठी 'सीनियर' ही उपाधी जोडणे भाग पडले. हे थोरले बलबीरसिंग तोवर खेळातून निवृत्त झाले होते आणि पंजाब राज्याच्या क्रीडा खात्याचे काम पाहत होते. त्यांची तीन ऑलिंपिक सुवर्णपदके सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या आंतरराष्ट्रीय खेळाची कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची होती. त्यानंतरची साठ वर्षे त्यांनी प्रशिक्षक, व्यवस्थापक, शासकीय अधिकारी आणि लेखक या नात्यांनी हॉकीच्याच सेवेत घालविली. शाळेत, पंचायतीत अथवा शासकीय कचेरीत बसून खेळाचा विचार करणाऱ्यांना या दुसऱ्या कालखंडातून अधिक शिकण्यासारखे आहे. मात्र तो समजण्यासाठी पहिल्याची ओळख करून घेणे आवश्यक ठरते.

मोग्याचे मैदान

बलबीरसिंग यांचा जन्म ३१ डिसेंबर १९२३ रोजी जालंधर जिल्ह्यातील हरिपूर खालसा या खेड्यात झाला. वडील दलीपसिंग दोसांझ हे शिक्षक व स्वातंत्र्यसैनिक होते. चळवळीमुळे त्यांच्या वाट्याला तुरुंगवासही आला. कुटुंब मोगा येथे स्थायिक झाले आणि घराजवळच शाळेचे हॉकीचे मैदान होते. खेळाडूंच्या चरित्रांत जिद्द, कष्ट, दैव यांचे वर्णन भरपूर असते. घरापासून मैदान किती अंतरावर होते हे सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः गावाच्या दृष्टीने तीच पहिली बाब होय. मूल ज्या जागेत रोज संध्याकाळी धावते, ती जागा गावात शिल्लक आहे किंवा नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

मोग्याच्या या मैदानावर बलबीरसिंग प्रथम गोलरक्षक म्हणून उभे राहिले. पुढे ज्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरक्षकांची झोप उडविली, त्यांनी हॉकीचा ओनामा गोलपाशी उभे राहून गिरवावा, यात एक मौज आहे आणि लाभही आहे. गोलरक्षकाला कोणता फटका अवघड जातो, हे त्यांना आतून ठाऊक झाले.

लाहोरच्या शीख नॅशनल कॉलेजात शिकत असताना अमृतसरच्या खालसा कॉलेजचे हॉकी प्रशिक्षक हरबेलसिंग यांची दृष्टी या मुलावर पडली. त्यांनी त्याला अमृतसरला येण्याचा आग्रह धरला आणि वडिलांचेही मन वळविले. परीक्षेत फारशी चमक न दाखविणारा मुलगा केवळ हॉकीसाठी दुसऱ्या गावी पाठवावयाचा, हे एका शिक्षकाच्या घराला सहज पटणारे नव्हते. हरबेलसिंग यांच्या शब्दावर विश्वास ठेवून ते झाले. पुढे हेलसिंकी आणि मेलबर्न या दोन्ही ऑलिंपिकला हेच हरबेलसिंग भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. गुरुशिष्यांची ही जोडी महाविद्यालयाच्या मैदानापासून ऑलिंपिकच्या विजयमंचापर्यंत टिकली. १९४३ ते १९४५ अशी सलग तीन वर्षे पंजाब विद्यापीठाने आंतरविद्यापीठ हॉकीचे अजिंक्यपद मिळविले, त्या संघात बलबीरसिंग होते.

त्यांच्या पोलिस खात्यातील प्रवेशाची कथा विलक्षण आहे. ज्या पोलिसांनी वडिलांना वारंवार पकडले त्यांच्या नोकरीत जाण्यास ते राजी नव्हते. म्हणून त्यांनी दिल्ली गाठली आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याकडून ते खेळू लागले. पंजाब पोलिसांना मात्र हा खेळाडू आपल्या संघात हवा होता. तेथील महानिरीक्षक सर जॉन बेनेट यांच्या आज्ञेवरून त्यांना दिल्लीहून चक्क बेड्या घालून जालंधरला आणण्यात आले आणि कारावास की पोलिसांची नोकरी, अशी निवड त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. त्यांनी नोकरी पत्करली. खेळाडूंना नोकरीत सामावून घेण्याची ही रीत कोणत्याही खात्याने अनुसरावी अशी नव्हे!

मुंबईतील अखेरचा सामना

१९४७ची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा मुंबईत भरली. अखंड पंजाबचा संघ ए. आय. एस. दारा यांच्या नेतृत्वाखाली आला आणि आदल्या वर्षी मिळविलेले अजिंक्यपद त्याने राखले. दारा हे १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या संघातून खेळलेले सुवर्णपदकविजेते. संघात हिंदू, मुसलमान, शीख असे सर्व होते. मुंबईहून हा संघ परतला तो दंगलींनी होरपळणाऱ्या पंजाबात. फाळणी झाली आणि मुंबईत एकत्र खेळलेले हे खेळाडू दोन देशांत वाटले गेले. बलबीरसिंग लुधियाना येथे पोलिस अधिकारी म्हणून निर्वासितांच्या लोंढ्यांना आणि रक्तपाताला सामोरे गेले. पुढच्या वर्षी लंडनला दारा पाकिस्तानचे कप्तान म्हणून उतरले. बलबीरसिंग यांचा सहकारी शाहजादा शाहरुख हाही त्याच संघात होता. त्या ऑलिंपिकमध्ये भारत आणि पाकिस्तान यांची गाठ पडली नाही, हे उभयपक्षी बरेच झाले म्हणावयाचे.

लंडनचा भारतीय संघ मुंबईकरांना विशेष आपला वाटावा असा होता. लिओ पिंटो, मॅक्सी वाझ, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस अशी मुंबईच्या मैदानांवर वाढलेली नावे त्यात होती. कप्तान किशनलाल हेही रेल्वेच्या नोकरीमुळे मुंबईच्या हॉकीशी निगडित होते. बलबीरसिंग यांचे नाव निवडीच्या आरंभीच्या यादीत नव्हते. ते मागाहून घेतले गेले. अर्जेंटिनाविरुद्धच्या आपल्या पहिल्याच ऑलिंपिक सामन्यात त्यांनी सहा गोल केले आणि भारताने तो सामना ९-१ असा जिंकला. इतके करूनही पुढच्या सामन्यात त्यांना वगळण्यात आले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बली येथे झालेल्या अंतिम सामन्यात ते परतले आणि त्यांनी पूर्वार्धातच दोन गोल नोंदविले. ग्रेट ब्रिटनचा ४-० असा पराभव झाला. स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण होण्यास तीन दिवस उरले असताना, कालच्या राज्यकर्त्यांच्या राजधानीत त्यांच्याच संघाला हरवून तिरंगा वर चढला. तुरुंगवास भोगलेल्या वडिलांच्या मुलाला त्या क्षणी काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

चार वर्षांनी हेलसिंकी येथे भारताने एकूण तेरा गोल केले, त्यांपैकी नऊ एकट्या बलबीरसिंग यांचे होते. उपांत्य सामन्यात ब्रिटनविरुद्ध तीन आणि अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध पाच. तो सामना भारताने ६-१ असा जिंकला. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात एका पुरुष खेळाडूने पाच गोल करण्याचा त्यांचा विक्रम त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे अडुसष्ट वर्षे, अबाधित होता. त्यांच्या खेळात चेंडू स्टिकला चिकटवून चारपाच जणांना चकविण्याचा देखावा कमी असे. हॉकीत वर्तुळाच्या आतून मारलेला फटकाच गोल म्हणून धरला जातो. त्या वर्तुळात योग्य क्षणी पोहोचावयाचे, सहकाऱ्याकडून आलेला चेंडू फार न रेंगाळविता गोलात धाडावयाचा, ही त्यांची पद्धत होती. सहकाऱ्यावर विसंबल्याशिवाय असा खेळ होऊच शकत नाही. शाळांतून हॉकी शिकविणाऱ्यांनी या गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे, कारण एकट्यानेच चेंडू पळविणाऱ्या मुलाचे आपल्याकडे अवाजवी कौतुक होते.

१९५६ साली मेलबर्नला ते कप्तान होते. अफगाणिस्तानविरुद्धच्या पहिल्या सामन्यात भारताने १४-० असा विजय मिळविला. बलबीरसिंग यांनी पाच गोल केले, पण त्याच सामन्यात उजव्या हाताच्या बोटाचे हाड मोडले. ही दुखापत प्रतिस्पर्ध्यांपासून गुप्त ठेवण्याचे ठरले, कारण बलबीरसिंग खेळणार या धास्तीने दोन बचावपटू त्यांच्याभोवती गुंतून पडत आणि इतरांना वाट मोकळी होई. साखळीतील उरलेले सामने त्यांनी बाहेर बसून काढले. नंतर हाताला प्लास्टर आणि वेदनाशामक इंजेक्शने अशा अवस्थेत ते जर्मनीविरुद्ध आणि मग अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध उतरले. दोन्ही सामने भारताने १-० असे जिंकले. अंतिम सामन्यातील एकमेव गोल रणधीरसिंग जेंटल यांचा होता. कप्तानाच्या नावावर त्या दोन्ही सामन्यांत एकही गोल नाही. तीन ऑलिंपिकमधील आठ सामन्यांत बावीस गोल केलेल्या या खेळाडूचा सर्वांत मोठा सामना कोणता, असे विचारल्यास गोलांच्या तक्त्यात कोरा असलेला हा सामनाच पुढे करावा लागेल. १९५७ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

चंदीगडचे शिबिर

१९५८च्या टोकियो आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली आणि गोलसरासरीवर भारताला रौप्यपदक मिळाले. त्यानंतर बलबीरसिंग यांचे खेळणे संपत आले आणि ते पंजाबच्या क्रीडा प्रशासनात आले. राज्याचे क्रीडा संचालक आणि राज्य क्रीडा परिषदेचे सचिव या नात्याने त्यांनी दीर्घकाळ काम केले व १९९२ साली ते निवृत्त झाले. नामवंत खेळाडूला खुर्ची देऊन टाकली की आपले कर्तव्य संपले, असा एक समज प्रशासनात असतो. बलबीरसिंग यांनी त्या खुर्चीचे काय केले, हे १९७५च्या विश्वचषकावरून दिसून येते.

१९७१ साली बार्सिलोनात झालेल्या पहिल्या विश्वचषकात ते प्रशिक्षक होते व भारताला कांस्यपदक मिळाले. १९७३ साली हॉलंडमध्ये अंतिम सामन्यात विजय हातचा निसटला. १९७५ची स्पर्धा क्वालालंपूर येथे मार्च महिन्यात होती आणि भारतीय हॉकी संघटनेतील वाद विकोपाला गेलेला होता. संघाची तयारी कोणी करावयाची, हाच प्रश्न होता. मुख्यमंत्री ग्यानी झैलसिंग यांच्या पंजाब सरकारने शिबिराची जबाबदारी उचलली. व्यवस्थापक म्हणून बलबीरसिंग आणि प्रशिक्षक म्हणून गुरुचरणसिंग बोधी यांनी काम पाहिले. डॉ. राजेंद्र कालरा हे संघासोबत होते. खेळाडूंच्या बरोबर पूर्णवेळ डॉक्टर असणे ही त्या काळी नवलाई होती.

शिबिर चंदीगडला पंजाब विद्यापीठाच्या परिसरात भरले. निरनिराळ्या प्रांतांतून, रेल्वे, सेनादल, पोलिस अशा निरनिराळ्या संघांतून आलेले हे खेळाडू एरवी वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळणारे. त्यांना एकत्र राहावयास, एकत्र जेवावयास लावणे हा शिबिराचा खरा भाग होता. त्यांत कप्तान अजितपालसिंग होते, ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार होते, आदिवासी भागातून आलेले मायकेल किंडो होते, शिवाजी पवार होते, अस्लम शेरखान होते. या शिबिराच्या काळातच बलबीरसिंग यांच्या वडिलांचे निधन झाले आणि पत्नीलाही गंभीर आजाराने गाठले. त्यांनी शिबिराची जबाबदारी सोडली नाही.

क्वालालंपूरला साखळीत अर्जेंटिनाकडून १-२ असा अनपेक्षित पराभव पत्करावा लागला आणि पुढची वाट बिकट झाली. पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरवून भारत उपांत्य फेरीत आला. समोर यजमान मलेशिया होता. सामना संपावयास थोडी मिनिटे उरली असताना भारत १-२ असा मागे होता आणि पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर वाया जात होते. त्या वेळी अनुभवी किंडो यांना बाहेर घेऊन, स्पर्धेत बव्हंशी राखीव बसलेल्या तरुण अस्लम शेरखानला आत धाडण्यात आले. पेनल्टी कॉर्नर मिळताच त्याने गळ्यातील ताईताचे चुंबन घेतले आणि चेंडू गोलात मारला. जादा वेळात हरचरणसिंग यांनी विजयाचा गोल केला.

हा निर्णय जुगार वाटावा असा आहे. पण त्यामागे खेळाडूला जपण्याची वृत्ती होती. शुक्रवारच्या नमाजासाठी अस्लमला मशिदीत जावयाचे होते, तेव्हा बलबीरसिंग स्वतः त्याच्यासोबत गेले आणि संघातील इतर काही जणही गेले. १९४७ साली लुधियान्यात पोलिसाच्या गणवेशात सारे पाहिलेल्या माणसाने हे केले, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राखीव बाकावरचा खेळाडू आपल्याला विसरलेले नाहीत या भावनेने बसलेला असला, तरच तो आयत्या वेळी उभा राहू शकतो. ही बाब संघव्यवस्थापनाच्या कोणत्याही नियमावलीत नमूद केलेली नसते.

१५ मार्च १९७५ रोजी अंतिम सामन्यात पाकिस्तानने प्रथम गोल केला. सुरजितसिंग यांनी बरोबरी साधली आणि अशोककुमार यांच्या गोलाने भारताने २-१ असा विजय मिळविला. हॉकीचा विश्वचषक भारताला मिळाला तो या एकाच वेळी. २०२३पर्यंतच्या एकाही स्पर्धेत तो पुन्हा भारताकडे आला नाही. या सर्व अनुभवांचे कथन करणारे बलबीरसिंग यांचे 'द गोल्डन हॅट ट्रिक' हे आत्मचरित्र १९७७ साली प्रसिद्ध झाले. हॉकीतील उत्कृष्टतेचे शास्त्र मांडणारे 'द गोल्डन यार्डस्टिक' हे पुस्तक त्यांनी वयाच्या पंचाऐंशीच्या सुमारास, २००८ साली, पुरे केले.

हिरवळ मागे पडली

विश्वचषकाचा आनंद वर्षभरच टिकला. १९७६च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि विश्वविजेता भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. गवताच्या मैदानावर चेंडू कधी उसळतो, कधी मंदावतो. त्याला स्टिकने वश करणे हेच आपल्या खेळाडूंचे बलस्थान होते. कृत्रिम पृष्ठभागावर चेंडू सरळ व वेगाने धावतो, तेथे दमछाक न होणारे शरीर आणि जोरदार फटका यांचे मोल वाढले. त्याहून मोठा प्रश्न खर्चाचा होता. मोग्याच्या शाळेसारखे मैदान कोणतेही गाव राखू शकत होते. कृत्रिम मैदान जिल्ह्याच्या ठिकाणीही परवडेनासे होते. १९८२च्या प्रारंभी मुंबईत विश्वचषक स्पर्धा झाली, ती गवतावर, आणि तरीही भारत पाचवा आला. म्हणजे केवळ मैदानाला दोष देऊन भागण्यासारखे नव्हते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत ज्योत प्रज्वलित करण्याचा मान बलबीरसिंग यांना मिळाला. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा ७-१ असा पराभव केला.

एक कोट आणि छत्तीस पदके

१९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा बलबीरसिंग यांनी आपली तिन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके संरक्षणनिधीसाठी देऊ केली. तेव्हाचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैराँ यांनी ती स्वीकारली, परंतु मोडीत जाऊ दिली नाहीत. ती जपून ठेवण्यात आली आणि पुढे ज्याची त्याला परत मिळाली.

१९८५ साली बलबीरसिंग यांनी दुसऱ्यांदा असाच विश्वास टाकला. राष्ट्रीय क्रीडा संग्रहालय व्हावयाचे आहे, असे ऐकून त्यांनी आपली छत्तीस पदके, मेलबर्न ऑलिंपिकमधील कप्तानाचा कोट आणि शंभराहून अधिक दुर्मिळ छायाचित्रे केंद्रीय क्रीडा यंत्रणेच्या स्वाधीन केली. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके तेवढी त्यांनी घरी ठेवली. संग्रहालय झाले नाही. वस्तू परत मागण्याचा प्रसंग सत्तावीस वर्षे आला नाही.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकनिमित्त तेथे एक प्रदर्शन भरले. आधुनिक ऑलिंपिकच्या साऱ्या इतिहासातून सोळा खेळाडू निवडण्यात आले होते, त्यांत बलबीरसिंग होते. प्रदर्शनात ठेवण्यासाठी त्यांच्या वस्तूंची आवश्यकता भासली, तेव्हा मेलबर्नचा कोट आणि पदके सापडत नाहीत असे उघडकीस आले. कुटुंबीयांनी पत्रे लिहिली, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केले. एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवावे, दुसरीने आपल्याकडे नोंद नसल्याचे कळवावे, असे वर्षानुवर्षे चालले. चोरीचा उद्देश कोणाचा होता असे म्हणता येत नाही. वस्तू घेताना सविस्तर यादी करणे, पोच देणे, बदली होताना ती यादी पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती सोपविणे, वर्षातून एकदा कपाट उघडून पडताळणी करणे, या कारकुनी गोष्टी होत. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत खुर्च्या आणि सतरंज्यांची जितकी नोंद असते, तितकी या ठेव्याची राहिली नाही.

वृद्ध बलबीरसिंग यांच्या बोलण्यात या प्रकरणाविषयी कडवटपणा क्वचितच येई. चंदीगडला ते तरुण खेळाडूंना भेटत, सामने पाहत. कोटाची मात्र ते अखेरपर्यंत वाट पाहत होते. २५ मे २०२० रोजी मोहाली येथील रुग्णालयात, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी मोहालीच्या आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियमला पंजाब सरकारने त्यांचे नाव दिले आणि त्याच उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाने एक्केचाळीस वर्षांनंतर हॉकीचे पदक मिळविले. कोट, छत्तीस पदके आणि छायाचित्रे त्यांच्या हयातीत त्यांच्या घरी परत आली नाहीत.